उंदीर, मीठ आणि ताण

परीक्षा जवळ आली की मुलाला टेन्शन. मुलाच्या परीक्षेचे आईला टेन्शन. महिनाअखेर आली की वडिलांना टेन्शन आणि या सगळ्यांचे बी.पी. वाढेल म्हणून आजीला टेन्शन! मराठी घरात हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टरकडे गेले की तेही दंडाला पट्टा गुंडाळतात, पारा पाहतात आणि दोन गोष्टी विचारतात. जेवणात मीठ किती घेता? आणि कामाचा ताण फार आहे का? मीठ आणि ताण ही तशी न जुळणारी जोडी. एक स्वयंपाकघरातले, दुसरे मनातले. पण एका माणसाच्या आयुष्यात, आणि त्याने पाळलेल्या हजारो पांढऱ्या उंदरांच्या शरीरात, ती दोन्ही एकत्र आली होती. त्या माणसाचे नाव हान्स सेल्ये. ताण या अर्थाने स्ट्रेस हा शब्द जगभर पोहोचवला तो यानेच.

सेल्ये जन्मले २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नात. वडील हंगेरियन, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक. आई ऑस्ट्रियन. बालपण गेले डॅन्यूब नदीच्या काठावरील कोमारोम या गावात. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडले, १९२० च्या तहाने नवी सीमा नदीच्या मधोमध आखली गेली आणि गावाचे दोन तुकडे झाले. एक हंगेरीत, दुसरा नव्या चेकोस्लोव्हाकियात. फाळणी म्हणजे काय हे आपल्या देशाला वेगळे सांगायला नको. घरात हंगेरियन आणि जर्मन, बाहेर आणखी भाषा, अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाला पुढे अनेक भाषा येऊ लागल्या. त्यामुळे त्याचे नाव गावोगाव वेगळे झाले. हंगेरियन माणूस त्याला शेये यानोश म्हणतो, इंग्रजी बोलणारा हान्स सेल्ये.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी तो प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेला. तिथला एक प्रसंग त्याने पुढे अनेकदा सांगितला आहे. प्राध्यापक वर्गात एकामागून एक रुग्ण आणत आणि बारीकसारीक खुणांवरून कोणाला कोणता संसर्ग झाला आहे ते ओळखून दाखवत. बाकीचे विद्यार्थी त्या खुणा टिपून घेत होते. एकोणीस वर्षांच्या सेल्येला मात्र वेगळेच दिसले. रोग निरनिराळे, पण सगळे रुग्ण एकसारखेच आजारी दिसत होते. जिभेवर थर, अंगदुखी, कणकण, भूक मेलेली, चेहरा उतरलेला. नुसते आजारी असणे असे काही वेगळे असते का, हा त्याचा प्रश्न. हा प्रश्न बालिश समजला गेला आणि परीक्षेच्या धबडग्यात तोही तो विसरला. १९२९ मध्ये तो डॉक्टर झाला, १९३१ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाला. तिथे मन रमले नाही. पुढच्याच वर्षी तो कॅनडात माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात आला आणि माँट्रियलचाच होऊन गेला.

मॅक्गिलमध्ये त्याचे वरिष्ठ होते जेम्स कॉलिप. इन्सुलिन माणसाला टोचता येईल इतके शुद्ध करणारे तेच. तो काळ हॉर्मोनच्या शोधांचा होता. गायीच्या बीजांडकोशात एखादे नवे हॉर्मोन सापडते का, हे पाहण्याचे काम सेल्येंकडे आले. बीजांडकोशाचा अर्क काढायचा, उंदरांना टोचायचा, काही दिवसांनी उंदीर उघडून पाहायचे. आणि खरेच, आत तीन बदल दिसले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आकसलेली, आणि जठरात व्रण. तरुण संशोधकाला आकाश ठेंगणे झाले. पण मग वारेचा अर्क टोचला, तेच तीन बदल. मूत्रपिंडाचा अर्क टोचला, तेच. शेवटी फळीवरची फॉर्मॅलिनची बाटली काढून त्यातले थोडे टोचले, तर तेच बदल अधिकच ठसठशीत! म्हणजे नवे हॉर्मोन वगैरे काही नव्हतेच. अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम मोठा.

सेल्येंच्या बाबतीत एक गंमतीची गोष्ट सांगितली जाते. त्यांचा हात म्हणे फार वेंधळा होता. टोचताना उंदीर हातातून निसटत, मग साहेब झाडू घेऊन त्यांच्यामागे खोलीभर धावत, आणि या पळापळीनेच उंदरांना व्रण झाले. गोष्ट रंगतदार आहे, पण ती त्यांच्या स्वतःच्या आठवणींतली नव्हे. त्यांनी जे लिहिले आहे ते अधिक साधे आहे. काही दिवस ते खिन्न होऊन बसले होते. आणि मग प्रागचा तो वर्ग त्यांना आठवला. अर्क, विष, जखम, काहीही असो, शरीराचे उत्तर एकच असेल तर? मग त्यांनी उंदरांना इमारतीच्या गच्चीवर माँट्रियलच्या थंडीत ठेवले, फिरत्या पिंजऱ्यात दमेपर्यंत पळवले, शस्त्रक्रिया केल्या. प्रत्येक वेळी तेच तीन बदल. ४ जुलै १९३६ च्या नेचर नियतकालिकात याबद्दलचे त्यांचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. एका पानातही मावेल एवढे. त्यात स्ट्रेस हा शब्द नव्हता. तो नंतर आला, पदार्थविज्ञानातून उचललेला. पुढे सेल्येंनाच वाटू लागले की शब्द नीट निवडला नाही, बाहेरचा दाब आणि आतला ताण यांत घोटाळा झाला. पण तोवर शब्द हातातून सुटला होता.

कॉलिप यांनी त्यांना या नादातून परावृत्त करण्याचा बराच प्रयत्न केला. अशुद्ध अर्कांच्या घाणीचा अभ्यास करण्यात आयुष्य का घालवतोस, असा त्यांचा सूर होता. पाठीशी उभे राहिले ते इन्सुलिनवाले फ्रेडरिक बँटिंग. त्यांनी थोडेसे पैसे मिळवून दिले. रक्कम किरकोळ होती, पण नोबेल मिळालेला माणूस आपले म्हणणे ऐकून घेतो याचा धीर मोठा होता.

इथवरची कथा बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. तिच्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते सेल्येंचे सर्वांत टिकाऊ काम त्यातच आहे.

ताणाखाली अधिवृक्क ग्रंथी सुजतात, म्हणजे त्या जास्तीचे काहीतरी स्रवत असणार. ते काहीतरी भरमसाट झाले तर शरीराचे काय होईल? त्या सुमारास या ग्रंथीतील एक द्रव्य कृत्रिमरीत्या बनवता येऊ लागले होते. त्याचे नाव डेसऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन ॲसिटेट, प्रयोगशाळेच्या बोलीत डोका. मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावणे हा त्याचा गुण. १९४३ मध्ये सेल्ये आणि त्यांचे सहकारी हॉल व रॉली यांनी या द्रव्याने आणि मिठाने उंदरांत कोणता आजार निर्माण होतो ते प्रसिद्ध केले. या प्रयोगाची जी रीत पुढे रुळली ती अशी. उंदराचे एक मूत्रपिंड काढून टाकायचे. कातडीखाली डोका द्यायचे. आणि साध्या पाण्याऐवजी एक टक्का मिठाचे पाणी प्यायला ठेवायचे. नुसते मीठ दिले तर धडधाकट उंदीर ते लघवीवाटे टाकून देतो. नुसते डोका दिले आणि मीठ तोडले तर फारसे काही होत नाही. दोन्ही एकत्र आली की मात्र काही आठवड्यांत रक्तदाब चढत जातो. उंदराचा रक्तदाब शेपटीवर मोजतात. शेपूट जरा शेकून घेतात आणि तिच्यावर बोटभर रुंदीचा इवलासा पट्टा बांधतात. निरोगी उंदराचा वरचा दाब साधारण आपल्याइतकाच, १२० च्या आसपास असतो. या उंदरांचा तो १८०, २०० पर्यंत जातो.

आणि मग बदलतात त्या रक्तवाहिन्या. रक्तवाहिनीला नळाची उपमा देण्याची पद्धत आहे. नळ जुना झाला, आत क्षार साचला, पाणी अडले, वगैरे. समजवायला ती बरी, पण अपुरी आहे, कारण नळ जिवंत नसतो. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असते, मध्ये स्नायूंचा थर असतो आणि बाहेर आवरण. दाब वाढला की मधला थर तालमीत जाणाऱ्या पोराच्या दंडासारखा जाड होत जातो. पण रक्तवाहिनीचा हा दंड जाड झाला की आतली वाट अरुंद होते, अरुंद वाटेतून रक्त ढकलायला हृदयाला आणखी जोर लावावा लागतो, आणि दाब आणखी चढतो. दाब फारच झाला तर बारीक धमन्यांच्या भिंतीच खचतात. अस्तर फाटते, रक्तातले प्रथिन भिंतीत झिरपून गोठते, पेशी मरतात. सेल्येंच्या उंदरांच्या आतड्याच्या धमन्यांवर गाठी आल्या, उरलेल्या मूत्रपिंडातल्या केशासारख्या वाहिन्या बंद पडून मूत्रपिंड आक्रसले, हृदय फुगले. माणसाला जडणारा अतितीव्र रक्तदाब जसा दिसतो, जवळजवळ तसेच हे चित्र होते. त्या काळी असा रुग्ण क्वचितच वाचे, आणि त्याच्या रक्तवाहिन्या डॉक्टरला दिसत त्या शवविच्छेदनाच्या टेबलावर, सगळे उरकल्यानंतर. आता पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय होत जाते ते उंदरात पाहता येऊ लागले.

उंदीरच का, असा प्रश्न साहजिक आहे. उंदीर स्वस्त, लहान, दोन-तीन वर्षे जगणारा, त्यामुळे माणसाची वर्षे त्याच्या आठवड्यांत उरकतात. पण तो सगळ्याला चालतो असे नाही. रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये कोलेस्टेरॉल खाऊ घालून सशांच्या धमन्यांत चरबीचे थर आणून दाखवले. तोच प्रयोग उंदरांवर केला तर काही होईना, कारण साधा उंदीर कोलेस्टेरॉल सहज पचवतो. चरबीने तुंबणाऱ्या धमन्यांचा अभ्यास करायला तो कामाचा नाही. दाबाने जाड होणाऱ्या धमन्यांसाठी मात्र तो उत्तम. कोणता प्रश्न कोणत्या प्राण्याला विचारायचा, हे कळण्यातच या शास्त्रातले निम्मे शहाणपण आहे.

१९४५ मध्ये सेल्ये माँट्रियलच्याच फ्रेंच विद्यापीठात गेले आणि तिथे प्रायोगिक वैद्यक व शल्यशास्त्राची संस्था उभी केली. माउंट रॉयलच्या उतारावरच्या त्या इमारतीत पुढे सुमारे ४० सहायक आणि १५ हजार प्राणी होते असे सांगतात. साहेब पहाटे उठत, सगळ्यांच्या आधी कामाला लागत. महागडी यंत्रे त्यांना फारशी प्रिय नव्हती. कात्री, चिमटा, भिंग आणि उघडे डोळे यांवर त्यांचा भरवसा. त्यांनी लिहिलेल्या निबंधांची संख्या दीड हजाराच्या वर जाते, शिवाय पुस्तके वेगळी. ग्लुकोकॉर्टिकॉइड आणि मिनरलोकॉर्टिकॉइड हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावे लागणारे शब्द त्यांचेच. त्यांच्या हाताखाली तयार झालेले रॉजर गियमँ पुढे मेंदूतल्या हॉर्मोनच्या शोधासाठी १९७७ चे नोबेल घेऊन गेले. गुरूचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण त्यांना ते मिळाले नाही.

त्याचे कारणही त्यांच्या कामातच आहे. उंदरांत जे दिसले त्यावर त्यांनी फार मोठी इमारत चढवली. रक्तदाब, हृदयविकार, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, हे सारे जुळवून घेण्याच्या प्रयत्नात शरीराने स्वतःवर ओढवून घेतलेले आजार आहेत, असा सिद्धांत १९४६ मध्ये त्यांनी मांडला. आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, शेवटी थकवा, अशा तीन पायऱ्या. ऐकायला पटणारे होते आणि लोकांना ते पटलेही. पण टीकाकारांनी सरळ प्रश्न विचारला. तुम्ही उंदराला डोकाचे डोस दिलेत ते अवाढव्य, एक मूत्रपिंड काढलेत, वर मिठाचे पाणी पाजलेत. ऑफिसात साहेबांची बोलणी खाणाऱ्या माणसाच्या अंगात एवढे हॉर्मोन कधी तयार होते, हे कुठे दाखवलेत? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. प्रत्येक ताणाला शरीराचे उत्तर एकच, हा मूळ दावाही पुढे १९७० च्या सुमारास जॉन मेसन यांच्यासारख्यांनी खिळखिळा केला. थंडी, उपास आणि भीती यांना शरीर वेगवेगळी उत्तरे देते आणि मनाला काय वाटते यावर पुष्कळ काही ठरते, असे दिसून आले.

उंदीर मात्र खरे बोलले होते. १९५३ मध्ये अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन हे मीठ धरून ठेवणारे, डोकाहून कितीतरी प्रभावी हॉर्मोन वेगळे काढले गेले. दोनच वर्षांनी अमेरिकेत जेरोम कॉन यांनी असा रुग्ण दाखवला, की ज्याच्या अधिवृक्क ग्रंथीवरच्या छोट्या गाठीतून हे हॉर्मोन वाहत होते आणि रक्तदाब चढलेला होता. गाठ काढली, दाब उतरला. सेल्येंनी सुईने जे उंदरात केले ते निसर्गाने माणसात केलेले होते. तेव्हा हा दुर्मिळ आजार मानला गेला. आता तो वाटला होता त्याहून बराच अधिक आढळतो. या हॉर्मोनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध आले. आधी ते लघवी वाढवणारी गोळी म्हणूनच ओळखले जाई. १९९० च्या आसपास पुन्हा उंदरांतच दिसले की अल्डोस्टेरोन आणि मीठ मिळून हृदयाच्या स्नायूत धाग्यांचे जाळे विणतात. १९९९ मध्ये हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत या जुन्या गोळीने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. आज आपल्या शेजारपाजारच्या कितीतरी आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत ती असते.

१९५६ हे वर्ष सेल्येंच्या आयुष्यात विचित्र ठरले. सामान्य वाचकांसाठी लिहिलेले त्यांचे द स्ट्रेस ऑफ लाइफ प्रसिद्ध झाले आणि ते जगप्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर आले, आणि त्या धुमश्चक्रीत गोळी लागून त्यांच्या आईचा मृत्यू झाला.

कीर्तीबरोबर पैशाची गरज वाढली. एवढी संस्था, एवढे प्राणी, ग्रंथालय. इथे कथेला एक अप्रिय वळण आहे, आणि ते टाळून सेल्येंचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेल्येंच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांच्या आधारे २०११ मध्ये इंग्लंडमधील दोन अभ्यासकांनी या संबंधांची हकीगत प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये सेल्येंनी या उद्योगाकडे पैसे मागितले होते, तेव्हा नकार मिळाला. पुढे उद्योगाच्याच लक्षात आले की हा माणूस उपयोगी आहे. सिगारेट आणि हृदयविकार यांचा संबंध डॉक्टर दाखवू लागले होते. त्याला उत्तर म्हणून, हृदय बिघडते ते ताणाने, असे ताणाचा जनकच म्हणाला तर आणखी काय हवे? वकिलांनी त्यांच्याकडून मोबदला देऊन निवेदन मागवले, त्यात काय असावे हेही सुचवले. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी धूम्रपानविरोधी पावलांच्या विरोधात साक्ष दिली. काही लोकांना सिगारेट ताण हलका करायला मदत करते, असा त्यांचा रोख होता. त्याच सुमारास अमेरिकन उद्योगाच्या संशोधन मंडळाकडून तीन वर्षे दरवर्षी ५० हजार डॉलर त्यांना मंजूर झाले आणि कॅनडाच्या उत्पादकांकडूनही तेवढेच.

सेल्ये विकले गेले, असे एका वाक्यात म्हणणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ताणानेच सारे होते हे ते पैसे मिळण्याच्या वीस वर्षे आधीपासून मनापासून मानत होते. उद्योगाला त्यांचे मत बदलावे लागलेच नाही, फक्त त्याचा आवाज मोठा करावा लागला. पण रक्तवाहिनीचे अस्तर कसे फाटते हे ज्याने हजारो वेळा डोळ्यांनी पाहिले, त्याने सिगारेटने त्याच अस्तराचे काय होते याकडे पाठ फिरवावी, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. ताणाबद्दल आज आपण सैलपणे जे बोलतो, म्हणजे सगळ्याचे मूळ टेन्शन आहे हो, त्यातही त्या जाहिरातबाजीचा थोडा अंश उतरला असेल. जेवणात पापड, लोणचे आणि वरून मीठ घेणाऱ्या आणि जेवणानंतर तंबाखू मळणाऱ्या माणसालाही आपले बी.पी. टेन्शनमुळेच वाढले असे म्हणणे सोयीचे असते.

सेल्ये १९७६ मध्ये निवृत्त झाले. दोन्ही खुब्यांचे सांधे बदललेले, तरी काम थांबले नाही. राहत्या घरी ताणविषयक आंतरराष्ट्रीय संस्था काढली, व्याख्याने देत राहिले. चांगला ताण आणि वाईट ताण असा भेद ते शेवटच्या काळात आवर्जून सांगत. १९८१ मध्ये गियमँ यांचे शिष्य वायली व्हेल यांनी मेंदूतले ते द्रव्य वेगळे काढले, ज्याच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथीपर्यंत ताणाचा निरोप पोहोचतो. सेल्ये साऱ्या आयुष्यभर ज्या साखळीबद्दल बोलत होते तिची पहिली कडी त्यांच्या हयातीत सापडली. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचे निधन झाले. डॅन्यूबच्या उत्तर काठावर, आता स्लोव्हाकियात असलेल्या कोमार्नोमध्ये २००४ मध्ये हंगेरियन भाषेतले विद्यापीठ सुरू झाले, त्याला त्यांचेच नाव दिले आहे.

डोका-मीठ उंदीर आजही प्रयोगशाळांत आहेत. जपानमध्ये १९६३ साली तयार केलेल्या, जन्मतःच रक्तदाब चढणाऱ्या उंदरांच्या जातीशेजारी त्यांचे पिंजरे असतात. आता प्राण्यांवरील प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते, संख्या मोजून द्यावी लागते, भूल द्यावी लागते. गच्चीवर थंडीत ठेवण्याचे दिवस गेले. आतड्याच्या पडद्यातून केसाएवढ्या धमनीचे दोन मिलिमीटर लांबीचे कडे कापून घेतात, दोन बारीक तारांवर ओवतात आणि कोमट क्षारद्रावणात बुडवून ठेवतात. मग एक औषध टाकून ती आकसवतात आणि दुसरे टाकून सैल होते का ते पाहतात. निरोगी उंदराची धमनी अस्तराने सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे झटकन सैल होते. मिठाचे पाणी प्यायलेल्या उंदराची आकसलेलीच राहते, किंवा अर्धवट सैलावून थांबते.